किंमत जाहीर आहे, बोर्ड कुठे आहे?

प्रति,
रास्पबेरी पाय कंपनीचे संचालक मंडळ, केंब्रिज
आणि कंपनीचे भारतातले अधिकृत विक्रेते

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितो आहे, कारण ज्यांच्या वतीने लिहितो आहे ते मराठीत विचार करतात, मराठीत वाद घालतात आणि सोल्डरिंगचा चटका बसला की मराठीतच ओरडतात. केंब्रिजपर्यंत कुणीतरी भाषांतर करून पोहोचवेल. विक्रेत्यांपैकी काही तर पुण्या-मुंबईतलेच आहेत, त्यांना त्याचीही गरज नाही.

साताऱ्यात रविवारी संध्याकाळी आम्ही काही जण एका शिकवणीच्या रिकाम्या वर्गात जमतो आणि तुमच्या रास्पबेरी पाय बोर्डांवर, म्हणजे तळहातावर मावणाऱ्या सुट्या संगणकांवर, खटपटी करतो (पुढे त्यांना नुसते ‘पाय’ म्हणतो). आठवीतली मुले असतात, डिप्लोमाची असतात, एसटीतून निवृत्त झालेले एक इलेक्ट्रिशियन काका असतात. कुणाला शेततळ्यातल्या पाण्याची पातळी मोबाईलवर बघायची असते, कुणाला घरातल्या सगळ्या फोनवरच्या जाहिराती एका जागी अडवायच्या असतात, कुणाला जुन्या टीव्हीवर लहानपणचे व्हिडिओ गेम हवे असतात. यातून एक रुपया कुणी कमावत नाही. तुमच्या हिशेबात आम्हाला काय म्हणतात ते ठाऊक नाही. इथे आम्हाला हौशी म्हणतात आणि घरचे उद्योगी म्हणतात, तेही कौतुकाने नव्हे.

आमचे मागणे एकच आहे. तुमच्या सर्वांत स्वस्त बोर्डांची जी किंमत तुम्ही जगाला सांगता, त्या किमतीला, वर सरकारचा कर आणि पोस्टाचा खर्च धरून, एकट्या माणसाला एक बोर्ड कधीही विकत घेता यावा. महागडे मॉडेल आणखी महाग झाले तर आमची तक्रार नाही. वेगवान प्रोसेसर, सोळा जीबी मेमरी, हे ज्यांना लागते त्यांना ते परवडतेही.

स्वस्ताईवर एवढा भर का, हे तुम्हाला सांगण्याची खरे तर गरज नसावी. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांची संख्या घटू लागली आणि येणाऱ्यांचा हात यंत्रावर पूर्वीसारखा बसलेला नाही, हे एबेन अपटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जाणवले, तिथून तुमची सुरुवात झाली. मुलाच्या स्वतःच्या मालकीचे, बिघडले तरी घरात रडारड होणार नाही असे यंत्र हवे, हा विचार. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरचा पहिला बोर्ड विक्रीला आला आणि त्या सकाळी दोन्ही वितरकांची संकेतस्थळे गर्दीने कोसळली. त्या गर्दीत कारखानदार किती होते? बहुतेक आमच्यासारखेच रिकामटेकडे होते.

आता रुपयाचे गणित बघा. २०१२ साली डॉलर पन्नास रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ३५ डॉलरचे झाले साधारण १,७५० रुपये. एक जीबी मेमरीचे ‘पाय ४’ हे मॉडेल आजही ३५ डॉलरला आहे आणि त्याबद्दल तुम्हाला अभिमान वाटतो, वाटावाही. पण डॉलर नव्वदीला टेकला, की तेच ३५ डॉलर ३,१५० रुपये होतात. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,७१७. तुम्ही किंमत वाढवली नाही आणि आमच्यासाठी ती जवळजवळ दुप्पट झाली. यात तुमचा दोष नाही. मात्र ‘किंमत स्थिर ठेवली’ हे वाक्य केंब्रिजमध्ये जितके खरे आहे तितके साताऱ्यात नाही. म्हणूनच आमच्यासाठी तुमच्या यादीतला तळचा बोर्ड हाच मुख्य बोर्ड आहे, महागडा ‘पाय ५’ नव्हे.

त्या तळच्या बोर्डाची कथा सुरू झाली नोव्हेंबर २०१५ मध्ये. पाच डॉलरचा पाय झिरो. ‘मॅगपाय’ मासिकाच्या चाळिसाव्या अंकाच्या मुखपृष्ठावर तुम्ही तो फुकट चिकटवून दिला. अख्खा संगणक मासिकाबरोबर भेट! तेव्हा आमच्यातल्या कित्येकांनी तो फोटो फोनमध्ये जपून ठेवला होता. ५१२ एमबी मेमरी, एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, बोटभर लांबी, जुन्या मोबाईलच्या चार्जरवर चालणारा. लाईट गेली तर पॉवर बँकेवर दिवस काढणारा. आमच्या कामांसाठी याहून जास्त काही लागत नाही, हे मी आजही म्हणतो.

आणि मग सुरू झाले ‘एका ग्राहकाला एकच’. इंग्लंडातल्या दुकानांतही हाच नियम होता, त्यामुळे आम्हालाच वगळले असे म्हणत नाही. तिकडे तो एक तरी मिळत होता. इकडे पानावर ‘स्टॉक संपला’ आणि त्याच पानावर खाली किट शिल्लक: बोर्ड, डबी, मेमरी कार्ड, चार्जर, मिनी एचडीएमआयचा जोड, ओटीजी केबल, दोन हीट सिंक (चिप थंड ठेवणारे धातूचे तुकडे) आणि एक रंगीत पुस्तिका. पाच डॉलरच्या बोर्डाभोवती दोन हजारांचा ऐवज. डबी आम्ही पुठ्ठ्याची करतो, चार्जर प्रत्येक घरात चार पडलेले असतात, आणि त्या प्रोसेसरला हीट सिंक लागतच नाही. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात म्हणतात तसा तो पाच डॉलरचा संगणक आम्ही बरीच वर्षे नुसता वाचला.

विक्रेत्यांची बाजू मला कळते. लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास, गल्ल्यावर बसलेल्या माणसाशी बोललात तर तो सरळ सांगतो: तीनशे-चारशे रुपयांच्या वस्तूवर दहा-वीस रुपये सुटणार, तेवढ्यासाठी पावती करा, बबल रॅप गुंडाळा, कुरियरवाल्याची वाट बघा, आणि पोराने उलटा व्होल्टेज देऊन बोर्ड जाळला की ‘मुळातच खराब होता’ हे ऐकून घ्या. किट विकले तर दोन पैसे तरी मिळतात. त्याचे चुकत नाही. चुकते ते असे की इतक्या पातळ नफ्याची वस्तू बाजारात सोडताना ती विकणाऱ्याला काय मिळेल याचा विचार तुम्ही केला नाही, किंवा केला असेल तर त्याचे ओझे शेवटच्या गिऱ्हाइकावर टाकले. पुढे झिरो दहा डॉलरचा झाला, वायफायचा झिरो डब्ल्यू दहाचा पंधराचा झाला. दहा डॉलरला मिळणारा बोर्ड पाच डॉलरच्या न मिळणाऱ्या बोर्डापेक्षा बरा, त्यामुळे या वाढीवर मी ओरडणार नाही. आमच्यात हे सर्वांना मान्य नाही. आठवीतल्यांना तर मुळीच नाही.

मोठा घाव बसला २०२१ ते २०२३ मध्ये. जगभर चिपांचा दुष्काळ होता, कबूल. त्या काळात जो माल तयार होत होता तो आधी उद्योगांना द्यायचा, असे तुम्ही उघडपणे ठरवले. ज्यांच्या यंत्रांत पाय बसवलेला आहे, ज्यांचे कामगार त्यावर अवलंबून आहेत, त्यांचा धंदा बसू नये म्हणून. कारण पटण्यासारखे होते. परिणाम असा झाला की ३५ डॉलरचा बोर्ड परदेशात शंभर-दीडशे डॉलरला लिलावात फिरू लागला, कुठल्या दुकानात किती नग आले हे दाखवणारी संकेतस्थळे लोकांनी स्वतः तयार केली आणि आमच्याकडच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी प्रोजेक्टचे विषय बदलले. एका विक्रेत्याने तर माझी आगाऊ भरलेली ऑर्डर काही आठवड्यांनी रद्द केली आणि तोच बोर्ड दुसऱ्या दिवशी वाढीव भावाने पुन्हा लावला. असल्या माणसाला काय म्हणायचे ते इथे छापता येणार नाही.

दुष्काळ पडला की वाटप करावेच लागते, पण वाटपात हौशींचा एक लहानसा वाटा बाजूला काढून ठेवता आला असता. डिसेंबर २०२२ मध्ये तुम्ही तो काढलाही: एकट्या ग्राहकांसाठी एक लाख बोर्ड दिले. म्हणजे जमत होते. ते आधी दीड वर्ष का जमले नाही? तुमची कंपनी २०२४ साली लंडनच्या शेअर बाजारात आली तेव्हा साऱ्यांना कळले की विक्रीतले सत्तर टक्क्यांच्या आसपास नग आता उद्योगांकडे जातात. चांगले आहे, कंपनी टिकली पाहिजे. पण त्या उद्योगांत पाय घेऊन गेला कोण? रविवारी घरी बसून त्यावर खेळणारा इंजिनियरच ना? त्याने सोमवारी कारखान्यात जाऊन सांगितले की पन्नास हजारांचा कंट्रोलर घेण्याऐवजी हे वापरून बघू. हौशी माणूस हा तुमचा बिनपगारी सेल्समन आहे, आणि टंचाईत सगळ्यात आधी त्याचेच रेशन बंद झाले.

तुमच्याच घरात याचे उत्तर आहे. जानेवारी २०२१ मध्ये तुम्ही पिको नावाचा छोटा बोर्ड आणला, चार डॉलरचा. त्यातली आरपी२०४० ही चिप तुमची स्वतःची. आकाराने एवढी लहान की सिलिकॉनच्या एका चकतीतून वीस हजारांच्या घरात निघतात. म्हणून ऐन दुष्काळातही पिको मिळत राहिला. नुसती चिप तुम्ही एक डॉलरला विकायला काढलीत. इथे ३६० रुपये अधिक कर, म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास पिको हातात येतो, आणि आमच्याकडचे विक्रेते तो किटमध्ये कोंबल्याशिवाय सुटा विकतात. पिकोमुळे आमच्या रविवारच्या वर्गात पहिल्यांदा असे झाले की प्रत्येक मुलाकडे स्वतःचा बोर्ड होता. एकाने तो जाळला. त्याच्या आईने त्याला दुसरा घेऊन दिला, आणि घरात रडारड झाली नाही. अपटनसाहेबांच्या मनात जे होते ते हेच असणार.

पिको हा संगणक नव्हे, मायक्रोकंट्रोलर आहे, हे मला माहीत आहे. त्यावर लिनक्ससारखी पूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम चालत नाही, पडदा-कीबोर्ड जोडून बसता येत नाही, कॅमेऱ्याने पक्षी ओळखता येत नाहीत. ज्याला रिले आणि सेन्सरच हवा आहे तो तीन-चारशे रुपयांत ईएसपी३२ हा दुसरा मायक्रोकंट्रोलर घेतो. तो बनवणाऱ्या शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने हौशी जगावर केलेले उपकार फार मोठे आहेत आणि त्याची भीती तुम्हाला वाटायला हवी. मधली जागा मात्र अजून मोकळी आहे: लिनक्स चालणारा, वायफाय असलेला, हजार-दीड हजारांत मिळणारा बोर्ड. ती जागा तुमच्या झिरो २ डब्ल्यूची. चार कोअर, ५१२ एमबी, १५ डॉलर. नव्वदच्या भावाने १,३५० आणि जीएसटीसह १,५९३ रुपये. या किमतीला तो सरळ, सुटा, हवा तेव्हा मिळाला तर मला हे पत्र लिहायचेच नव्हते.

मग चिनी बोर्ड घ्या की, असे कुणी म्हणेल. घेतले आहेत. ऑरेंज पायसारखे बोर्ड कागदावर तुमच्यापेक्षा वरचढ दिसतात, आणि यंत्र म्हणून वाईट नसतात. दुखणे सॉफ्टवेअरचे. एकदा ऑपरेटिंग सिस्टीमची प्रत देतात, पुढे तिला वाली नसतो. वर्षाने वायफायचा ड्रायव्हर शोधायला चिनी भाषेतल्या फोरमवर भाषांतर लावून फिरावे लागते. तुमची सिस्टीम २०१२ च्या बोर्डावर आजही चालते. यासाठी आम्ही दोनशे रुपये जास्त द्यायला तयार आहोत, दोन हजार नाही. आणि निव्वळ स्वस्ताईच्या पायी काय होते हेही आम्ही पाहिले आहे. ओकलंडच्या नेक्स्ट थिंग कंपनीने २०१५ मध्ये ‘चिप’ नावाचा नऊ डॉलरचा संगणक जाहीर केला, लोकांनी वीस लाखांहून अधिक डॉलर आगाऊ दिले, आणि २०१८ मध्ये कंपनीच बुडाली. आपल्याकडचा सरकारी स्वस्त ‘आकाश’ टॅब्लेटही विसरलेलो नाही. २०११ मध्ये त्याचा गाजावाजा किती, आणि पुढे तो कुणाच्या हातात दिसला किती! त्यामुळे तोट्यात विका असे तुम्हाला मी कधीच म्हणणार नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये तुम्ही पुन्हा भाव वाढवले. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार ओढून नेला, म्हणून चार जीबीचा पाय ५ साठाचा सत्तर डॉलरला गेला आणि सोळा जीबीचा १२० चा १४५ ला. त्याच वेळी तुम्ही एक जीबीचा पाय ५ पंचेचाळीस डॉलरला काढला आणि एक जीबीच्या पाय ४ ला हात लावला नाही. हे योग्य केले, आणि नुसती तक्रार करणारा माणूस म्हणून माझी गणना होऊ नये म्हणून तसे स्पष्ट लिहितो. कमी मेमरीत काम भागवणे ही आमची सवयच आहे. भाववाढ करायचीच असेल तर वरून करा, तळाला सर्वांत शेवटी.

आता आमच्या सरकारबद्दल दोन शब्द, कारण सगळे खापर तुमच्यावर फोडणे बरे नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीच्या परदेश व्यापार महासंचालनालयाने लॅपटॉप-टॅब्लेटच्या आयातीवर परवान्याची अट घातली, त्या यादीत ‘अतिलहान आकाराचे संगणक’ असेही शब्द होते. पुढे ती अट सैल झाली, पण मधल्या काळात आयातदारांनी हात आखडते घेतले असतील तर नवल नाही. वायफायवाल्या उपकरणाला दूरसंचार खात्याची वेगळी मंजुरी लागते. हे कागद जमवणे परदेशातून एक नग मागवणाऱ्या मुलाचे काम नाही. त्याचे पाकीट कस्टममध्ये अडकले की बोर्डाइतकाच दंड आणि हमाली होऊन बसते. कंपनीने आणि आयातदारांनी नवा बोर्ड जाहीर करायच्या आधी भारताची मंजुरी हातात घेतली, तर जगात तो मिळतो आणि इथे मिळत नाही असे महिनोन्‌महिने होणार नाही.

या देशात तुमची सेवाभावी संस्था कामही करते, ‘प्रथम’सारख्या संस्थांबरोबर मुलांचे कोड क्लब चालवते, हे ठाऊक आहे. सरकारच्या अटल टिंकरिंग लॅबही शाळाशाळांतून उघडल्या आहेत. अशा लॅबमधले चांगले सामान बऱ्याचदा कपाटात असते आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे. तपासणीला साहेब आले की बाहेर निघते. त्यापेक्षा पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम बघा: डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेला, आणि अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी (हव्या त्या वस्तू स्वतः बनवायच्या कार्यशाळांपैकी) एक २००२ मध्ये जिथे आली, तो. तिथली रीत अशी की हाताने करा, बिघडवा, दुरुस्त करा. दुष्काळी भागातल्या, दहावी नापास झालेल्या मुलांनी तिथे यंत्रे केली आहेत. असे शिकायचे तर वस्तू शाळेची असून भागत नाही, मुलाची असावी लागते, आणि मुलाची व्हायची तर तिची किंमत सणाला मिळालेल्या पैशांत बसावी लागते.

विक्रेत्यांनो, तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. किट जरूर विका, पण सुट्या बोर्डाचे पान खोटे ठेवू नका. किटसाठी पन्नास नग बाजूला काढलेत तर दहा सुटे ठेवा. आणि आयात केलेल्या पाकिटावर कमाल किरकोळ किंमत छापणे कायद्याने भागच आहे, तर ती अशी छापू नका की त्यावर ‘चाळीस टक्के सूट’ लावूनही बोर्ड मूळ भावापेक्षा महाग पडावा. मी पाहिलेल्या काही पाकिटांवर अशीच छापलेली होती.

केंब्रिजकरांनो, तुमच्या संकेतस्थळावर डॉलरमध्ये किंमत असते तशी भारतासाठी रुपयांत, करासह, प्रत्येक अधिकृत विक्रेत्याने पाळावी अशी किंमत जाहीर करा. रुपया घसरला की ती बदला, आम्ही समजून घेऊ. पुढची टंचाई आली की तळच्या बोर्डांतला ठरावीक हिस्सा एकेक नग घेणाऱ्यांसाठी राखून ठेवा आणि तो किती हे आधीच सांगा. झिरोच्या घाऊक भावात विक्रेत्याला पन्नास-साठ रुपये सुटू द्या. ते आम्ही भरू.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. महाराष्ट्रात तुमच्या मालाला मागणी येते ती नाताळात नव्हे, तर गणपतीच्या आधी. मंडळांचे हलते देखावे, दिव्यांच्या माळा, आवाज आणि मोटारी यांचा मेळ घालायला पोरे जुलैपासून बोर्ड शोधू लागतात, आणि ऑगस्टच्या मध्याला कुठेच काही उरलेले नसते. मेच्या अखेरीस झिरो २ डब्ल्यू आणि पिकोचा एक जादा हप्ता पुण्या-मुंबईला पाठवून बघा. तो परत यायची वेळ येणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
साताऱ्याच्या रविवारच्या वर्गातला एक हौशी